भिमाजी बोरशाची भिंत

"गुरुजी, हे कुठल्या गोलात ठेवू?"

तिसरीतली उज्ज्वला देवरे माझ्यासमोर उभी होती आणि तिच्या ओंजळीत ताजे शेण होते.

शाळेच्या अंगणात मी नुकतीच खडूने दोन मोठी वर्तुळे आखली होती. एकात लिहिले होते 'निसर्गाने घडवलेले' आणि दुसऱ्यात 'माणसाने घडवलेले'. मुलांनी आसपासच्या वस्तू आणून योग्य त्या वर्तुळात ठेवायच्या, जी वस्तू आणता येणार नाही तिचे नाव कागदावर लिहून ठेवायचे, असा माझा बेत होता. कागदावर हा बेत फार सुंदर दिसत होता.

"शेण निसर्गातले," मी म्हणालो.

"आणि गोवरी?"

"ती माणसाने घडवलेली."

"पण शेण तेच ना!"

"आईने ते थापले, त्याला आकार दिला, वाळवले. माणसाचा हात लागला."

"हात तर मी पण लावलाय," असे म्हणून ती दोन्ही वर्तुळांच्या बरोबर मध्ये जाऊन उभी राहिली आणि शेण गळू लागले.

तेवढ्यात हिरामण पुढे आला. त्याचा डावा गाल टम्म फुगला होता. "गुरुजी, मी कुठल्या गोलात बसू? माझ्या गालाला भटूचा हात लागलाय."

"खोटं बोलतो तो, गुरुजी," भटू मागून ओरडला. "तो निसर्गानंच सुजलाय."

व्हरांड्यातून अहिरराव सरांचा आवाज आला. ते आमचे मुख्याध्यापक. त्यांच्या टकलावर उन्हाचा कवडसा पडला होता आणि हातात तालुक्याहून आलेले पत्र होते. सारा प्रकार त्यांनी शांतपणे पाहिला आणि ते एवढेच म्हणाले, "शनिवारी शेण नको."

शनिवारी केंद्रप्रमुख खैरनार मॅडम येणार होत्या. आसपासच्या दहा गावांतले शिक्षक त्यांच्याबरोबर येणार होते आणि त्या साऱ्यांसमोर आमच्या शाळेने एक आदर्श पाठ घेऊन दाखवायचा होता. अहिरराव सरांचा घसा अशा प्रसंगी नेमाने बसत असे. म्हणून पाठ मी घ्यायचा, असे ठरले.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि बोलण्यापेक्षा गप्प राहण्यात अधिक प्रवीण होतो. मुलांशी माझे जमत असे, कारण मुले उत्तराची वाट पाहत नाहीत. मोठ्या माणसांसमोर मात्र माझे शब्द घशाशी येऊन, ओळखीचे कोणी दिसत नाही म्हणून परत फिरत. ओझरपाड्यात येऊन मला आठ महिने झाले होते आणि गावाने माझे नाव 'मुके गुरुजी' असे ठेवले होते. त्यात कुचेष्टा नव्हती. ते केवळ निरीक्षण होते.

याला अपवाद एकच घर होते. झुलाल आबा बोरसे यांच्या पडवीत मी भाड्याने राहत असे आणि जेवायला त्यांच्याच स्वयंपाकघरात बसत असे. आबा सत्तरीचे, उंच, वाकलेले. त्यांच्या पत्नी गेंदामाय ठेंगण्या आणि ताठ. ती दोघे घरात अहिराणीत भांडत आणि माझ्याशी मात्र, पाहुण्याला नवी चादर काढून द्यावी तशी, पुस्तकी मराठी बोलत. त्या घरात मी हसत असे. जेवताना आपण होऊन एखादी गोष्ट सांगत असे. रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण आज किती बोललो, हे आठवून मला स्वतःचेच नवल वाटे.

आणि आबांची एक भिंत होती.

तिच्याविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गावाच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्यापासून निघून, शेते कापत, थेट ओढ्याच्या काठापर्यंत ती सरळ रेषेत आली होती. दोन पुरुष उंच, चार हात रुंद, काळ्याभोर दगडांची. दगड असे एकावर एक रचलेले की सांध्यात सुरीचे पाते जाऊ नये. बोरशांचा मूळपुरुष भिमाजी याने ती एकट्याने बांधली, असे सारे गाव मानत असे. भिंत ओढा ओलांडून पलीकडे न्यायची होती, पण काठावर येताच भिमाजीने देह ठेवला आणि जाताना मुलाला सांगितले, "उरलेली तुम्ही पुरी करा." तेव्हापासून दर गुढीपाडव्याला बोरशांच्या घरातला कर्ता पुरुष गुढी उभारून झाली की ओढ्यावर जातो आणि स्वतःच्या हाताने अकरा दगड रचून भिंत पुढे नेतो. आणि दर पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की ते अकरा दगड वाहून जातात.

भिमाजीची भिंत मात्र हलत नाही.

ते दगड नागपंचमीच्या आत पडणार की नंतर, यावर पारावर पैजा लागत. हरणाऱ्याने सर्वांना भजी खाऊ घालायची. या पैजांचे प्रमुख तोताराम नाना, आबांचे बालपणापासूनचे मित्र.

"झुलाल, यंदा सिमेंट कोणतं वापरलं?" त्या पाडव्यालाही नाना विचारते झाले.

"तुझं घर बांधून उरलं होतं, तेच."

"मग नागपंचमी लांब राहिली. महिन्याभरात, आखाजीलाच भजी तळा रे!"

आबाही सर्वांबरोबर हसले. पण पार उठल्यावर मी पाहिले, ते परत भिंतीपाशी गेले. भिमाजीच्या दगडांवरून त्यांनी तळहात सावकाश फिरवला. मग आपल्या अकरा दगडांवरून फिरवला. मग पुन्हा भिमाजीच्या. एखादा माणूस दोन कापडांचा पोत ताडून पाहतो तसे. त्या स्पर्शाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

आदर्श पाठ भिंतीच्या सावलीतच घ्यावा, ही कल्पना अहिरराव सरांची. आबांना ती इतकी आवडली की मांडव, चहा आणि दोनशे जिलब्या त्यांनी स्वतःकडे घेतल्या. त्यांची अट एकच होती. त्यांनी पिंपळनेरहून एक पाटी रंगवून आणली होती, ती खैरनार मॅडमच्या हस्ते उघडायची. पाटीवर लिहिले होते, 'या भिंतीचे बांधकाम बोरसे घराण्याने केले.'

"सरकारी माणसाच्या हातानं उघडली की पक्कं होतं," आबा मला म्हणाले. "आणि गुरुजी, तुमच्या त्या दुसऱ्या गोलात सगळ्यात आधी भिंतीचं नाव घ्या."

"घेतो, आबा," मी म्हणालो. मला त्यात काहीच अवघड दिसले नाही.

गुरुवारी मी मुलांना तयारीसाठी भिंतीवर नेले. भिंत किती पावले लांब ते मुलांनी मोजले. प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले, कारण प्रत्येकाचे पाऊल वेगळे होते, आणि त्यावरून एक लहानशी मारामारी झाली. ती मिटवून मी पाया म्हणजे काय ते समजावत होतो.

"घर बांधताना आधी जमीन खणतात. भिंतीचा काही भाग मातीखाली ठेवतात. साधारण कमरेएवढा."

"भिमाजीचा पाया लई खोल आहे," उज्ज्वला म्हणाली.

"तुला कसे ठाऊक?"

"आमच्या काकाच्या विहिरीत दिसतो ना."

देवऱ्यांची विहीर भिंतीला अगदी लागून होती. खणताना एका बाजूला ही भिंतच आली म्हणून त्यांनी ती बाजू तशीच सोडली होती. मी कठड्यावरून वाकून पाहिले. काळी भिंत जमिनीत शिरली होती आणि खाली, आणखी खाली, तशीच एकावर एक रचलेल्या दगडांची, पाण्यापर्यंत जात होती. पाण्याखालीही ती दिसत होती. अंधार सुरू होत होता तिथपर्यंत ती होती.

"पन्नास हात आहे विहीर," उज्ज्वला म्हणाली. "गुरुजी, वर दोन माणसं उंच भिंत बांधायला खाली पन्नास हात पाया कशाला घातला?"

"भिमाजी येडा होता का?" भटूने विचारले.

पाण्यात माझा चेहरा दिसत होता आणि त्यालाही काही सुचत नव्हते.

माझा एक मित्र, चारुदत्त, भूजल खात्यात होता. संध्याकाळी टेकडीवर चढून, जिथे मोबाइलला रेंज येई तिथे उभा राहून, मी त्याला सारे वर्णन सांगितले. तो इतका हसला की मध्येच फोन कट झाला. त्याने परत लावला.

"अरे, ती कोणी बांधलेली नाही. धुळ्याकडे अशा भिंती पुष्कळ आहेत. फार पूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, खालून तापलेला रस त्यात चढला आणि तिथेच थिजला. थिजताना आक्रसला, म्हणून त्याला आडवे तडे गेले. ते तुला रचलेले दगड वाटताहेत. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि हा कठीण भाग उभा राहिला."

"किती वर्षांपूर्वी?"

"सहा कोटी धर. थोडी अधिकच."

"म्हणजे भिमाजी नाही?"

"कोण भिमाजी?" चारुदत्तने विचारले आणि फोन पुन्हा कट झाला.

मी टेकडीवरच बसलो. खाली भिंत संध्याकाळच्या उन्हात शांत पडली होती. तिला कोणाचे नाव हवे होते असे दिसत नव्हते. ओढ्याच्या काठी आबा वाकून आपल्या अकरा दगडांवर तांब्याने पाणी घालत होते. सिमेंट ओले राहावे म्हणून. मला जगात एकच घर होते आणि शनिवारी सकाळी दहा वाजता, दहा गावांच्या साक्षीने, त्या घराच्या मूळपुरुषाला मला खोटे ठरवायचे होते. किंवा मुलांना खोटे शिकवायचे होते. तिसरे वर्तुळ मी आखलेच नव्हते.

शुक्रवारी मी अहिरराव सरांना गाठले.

"सर, भिंत नैसर्गिक आहे."

"असू दे."

"म्हणजे ज्वालामुखीच्या रसाने झालेली आहे, सर."

सरांनी चष्मा काढला. "गुरुजी, हा ज्वालामुखी किती वर्षं थांबला?"

"सहा कोटी."

"मग शनिवार संध्याकाळपर्यंत थांबेल. दोनशे जिलब्यांची ऑर्डर गेलीय."

दिवेलागणीला मी आबांनाच सांगायचे ठरवले. पाटावर बसलो. गेंदामायने ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी वाढली.

"आबा," मी म्हणालो, "मला एक सांगायचे होते."

"सांगा ना."

दोघेही माझ्याकडे पाहू लागली. इतक्या प्रेमाने पाहणाऱ्या माणसांसमोर सत्य बोलणे किती अवघड असते, हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते.

"भाकरी," मी म्हणालो. "आणखी एक."

असे तीनदा झाले. शेवटी गेंदामाय आबांना म्हणाल्या, "पोराचं शनिवारचं टेन्शन पोटात उतरलंय. खाऊ द्या." मी पाच भाकरी खाल्ल्या आणि त्या रात्री सत्य आणि कळणे दोन्ही मला जड गेले.

शनिवार उजाडला. भिंतीच्या सावलीत मांडव पडला. खैरनार मॅडम पांढऱ्या स्कूटरवरून आल्या. बारीक, चटपटीत, पर्स काखेत घट्ट धरलेल्या. दहा गावांचे शिक्षक सतरंजीवर बसले. आबा जरीच्या फेट्यात, खुर्चीवर, आणि त्यांच्यामागे बासनात गुंडाळलेली पाटी. तोताराम नाना पहिल्या रांगेत, कारण जिलब्या तिथून निघणार होत्या.

पाठ सुरू झाला. मी मातीत पुन्हा दोन वर्तुळे आखली. पुढे मुलांनीच मला उचलून नेले. दगड, पान, पिसे आणि सुगरणीचा खोपा पहिल्या वर्तुळात गेले. खोप्यावर वाद झाला, पण सुगरण माणूस नाही यावर एकमत झाले. वीट, तांब्या, दोरी आणि मॅडमची पर्स दुसऱ्यात गेली. पर्स मॅडमना कळायच्या आत गेली.

"मॅडम, आबांचे दात माणसाने घडवलेत!" भटू ओरडला.

"धुळ्याला केले," आबांनी अभिमानाने सांगितले आणि पुरावा काढून दाखवला.

"आणि मोठ्या सरांचं टक्कल?"

"ते नैसर्गिक," अहिरराव सर घाईने म्हणाले.

"नाही मॅडम," हिरामण म्हणाला. त्याचे घर सरांच्या शेजारी होते. "काकू म्हणतात, सरांचे केस चांगले होते, रोज नवीन नवीन तेल लावून लावून त्यांनीच घालवले."

टक्कल दुसऱ्या वर्तुळात गेले. दहा गावांचे शिक्षक सतरंजीवर लोळत होते. मला वाटले, आता घंटा व्हावी आणि सारे इथेच संपावे.

"छान," खैरनार मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "आता सांगा बघू, ही एवढी मोठी भिंत कुठल्या गोलात?"

"माणसाने घडवलेल्या!" सारी मुले एका सुरात ओरडली. आबा खुर्चीत ताठ झाले आणि पाटीचे बासन सोडू लागले.

एक मूल ओरडले नव्हते.

"तू का नाही बोललीस?" मॅडमनी उज्ज्वलेला विचारले.

"मला माहीत नाही. मी गुरुजींना विचारलं होतं. गुरुजींनी विहिरीत बघितलं आणि ते गप्प झाले."

"हो का? मग गुरुजींनाच विचारू."

सगळे माझ्याकडे वळले. मी भिंतीकडे पाहिले, मग आबांच्या हातातल्या बासनाच्या गाठीकडे. अर्धी सुटली होती. समोर उज्ज्वला होती आणि ती, सवयीविरुद्ध, उत्तराची वाट पाहत होती.

"निसर्गाने घडवलेली," मी म्हणालो.

आवाज माझाच होता. तो अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला आणि भिंतीवर आपटून परत आला, त्यामुळे सर्वांना तो दोनदा ऐकावा लागला.

"मुका बोलला!" कोणीतरी मागून म्हणाले.

अहिरराव सरांनी टकलावर हात ठेवला. मी बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर पुन्हा कधीच सुरू झालो नसतो. भेग, रस, थिजणे, झिजणे. दहा गावांचे चेहरे कोरे होते. तेव्हा गेंदामाय मांडवाच्या कडेवरून उठल्या.

"म्हणजे मातीच्या गाडग्याला चीर जाते तसं का, गुरुजी? त्या चिरेत डाळ शिरते, वाळून दगड होते. मग गाडगं घासघासून झिजतं, पण डाळीची रेघ तेवढी वर राहते. नखानंही निघत नाही."

"अगदी तसेच, माय."

"मग असं सांगा ना," त्या म्हणाल्या आणि बसल्या. दहा गावांना समजले.

आबा उठले. कोणाकडेही न पाहता ते चालत ओढ्याच्या काठी गेले आणि आपल्या अकरा दगडांशेजारी खाली बसले. मांडवात कोणीतरी हातातले जिलबीचे ताट खाली ठेवले.

तोताराम नाना धडपडत त्यांच्यामागे गेले. "झुलाल, अरे पोरगं आहे ते. पुस्तकं वाचून काहीही बोलतं. भिंत तुझीच आहे. मी सांगतो ना, भिमाजीचीच आहे!" चाळीस वर्षे भज्यांच्या पैजा लावणारा हा माणूस रडकुंडीला आला होता.

"गप बस, नाना," आबा म्हणाले. "गुरुजींना बोलाव."

मी गेलो. त्यांच्यासमोर मातीत बसलो. माझे सामान पडवीतून काढायला किती वेळ लागेल, याचा हिशोब माझ्या मनात सुरू होता. एक ट्रंक, एक कंदील, पुस्तके.

"भिमाजीनं नाही बांधली?"

"नाही, आबा."

"मग दुसऱ्या कोणी?"

"कोणीच नाही."

"कोणत्याच माणसाच्या हातानं असं रचलेलं नाही? पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"माझा बाप गवंडीकाम शिकला होता, गुरुजी. नाशिकला जाऊन. नुसते हे अकरा दगड टिकावेत म्हणून. पण दर वर्षी पडायचे. मरताना त्यानं मला जवळ घेतलं आणि म्हणाला, 'झुलाल, भिमाजीच्या हातात जे होतं ते माझ्या हातात नाही आलं. मीच खोटा निघालो. तुझ्या हातात येतं का बघ.'" आबा थांबले. "एकोणचाळीस वर्षं मी बघतोय. पारावर हसायचो. घरी येऊन हात बघायचो."

मी त्यांच्या हातांकडे पाहिले.

"त्याचा हात चांगला होता मग," आबा म्हणाले. "बापाचा. आमच्या घरातलं चुलवण अजून त्यानं बांधलेलंच आहे. चांगलाच होता त्याचा हात. त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं."

ओढ्यात उन्हाळ्याचे उरलेसुरले पाणी वाहत होते, एखादा माणूस स्वतःशी बोलतो तेवढ्या आवाजात. मुले एकेक करून आमच्याभोवती जमली होती. मोठी माणसे यायला धजत नव्हती.

"आबा," उज्ज्वलेने विचारले, "मग हे अकरा दगड कुठल्या गोलात?"

आबांनी मान वर केली. "तुमच्या त्या माणसांच्या गोलात आता आहे तरी काय?"

"वीट, तांब्या, मॅडमची पर्स, तुमचे दात," तिने बोटांवर मोजले, "आणि मोठ्या सरांचं टक्कल."

आबांच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागले. मला वाटले, हुंदका आहे. तो बाहेर पडला तेव्हा ते हसू होते, इतके मोठे की त्यांना फेटा काढून तोंडाला लावावा लागला. "म्हणजे इतकी वर्षं माझी बरोबरी कोणाशी, नाना? ज्वालामुखीशी! आणि तुम्ही लेकहो भजी खाल्ली!"

"मला काय माहीत," तोताराम नाना डोळे पुसत म्हणाले. "मला वाटलं भिमाजीशी."

आबा उठले. त्यांनी खैरनार मॅडमना हाक मारली आणि पाटी मांडवातून मागवली. हिरामण आणि भटू यांनी ती आणून अकरा दगडांच्या शेजारी रोवली. मॅडमनी बासन दूर केले. दोन पुरुष उंच, फर्लांगभर लांब काळ्या भिंतीकडे पाठ करून, गुडघ्याएवढ्या ओल्या सिमेंटच्या ढिगाशेजारी ती उभी राहिली: 'या भिंतीचे बांधकाम बोरसे घराण्याने केले.'

"आबा, मजकूर बदलून घ्यावा लागेल ना?" मॅडमनी हळूच विचारले.

"कशाला? खरा आहे," आबा म्हणाले. "जागा तेवढी चुकली होती."

मग जिलब्या निघाल्या. खैरनार मॅडमनी आपल्या वहीत काय लिहिले ते मला कधी कळले नाही. पर्स मात्र त्यांना परत मिळाली.

दोन वर्षांनी माझी बदली शिरपूर तालुक्यात झाली. पाडव्याला अकरा दगड रचले गेल्याचे आणि पावसाळ्यात पडल्याचे निरोप येत राहिले. एवढा फरक पडला होता की, पूर आला की आबा आता गोणपाट पांघरून काठावर जाऊन बसत, पाणी दगडांना कोणत्या अंगाने ढकलते ते पाहत. पूर्वी त्या दिवसांत ते घराबाहेर पडत नसत. गावात आता मोबाइलचा टॉवर आला होता; गेंदामाय फोनवर तक्रार करीत की, या वयात म्हातारा ओढ्याशी शिकवणी लावून बसला आहे.

नव्या शाळेत मी पुन्हा गप्पच होतो. तिथे माझे कोणी नाव ठेवले नव्हते, कारण मी आहे हेच पुष्कळांच्या ध्यानात आले नव्हते. श्रावणातल्या एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत सारे डबे उघडून बसले असताना फोन वाजला.

"गुरुजी!" आबांचा आवाज पुरासारखा येत होता. मागे पाणी गर्जत होते. ते पुस्तकी मराठी विसरून अहिराणीत ओरडत होते. "एक दगड उभा शे, गुरुजी! दहा गया, एक उभा शे! आमना हातना!"

मी उभा राहिलो. माझा डबा खाली पडला, भाजी शेजारच्या बाईंच्या हजेरीपटावर गेली, आणि मी, ज्याचा आवाज त्या खोलीने कधी ऐकला नव्हता, सर्वांच्या मधोमध ओरडलो, "उभा आहे!"

सारे घास थांबले. "कोण उभा आहे, गुरुजी?" बाईंनी घाबरून दाराकडे पाहत विचारले.

"सांगतो," मी म्हणालो, आणि खुर्ची ओढून त्यांच्यात बसलो.